उत्तरपक्ष राहून गेला

रत्नागिरी,
९ ऑगस्ट १९८४

चि. उमास अनेक आशीर्वाद.

प्रथम तक्रार. तुझं आंतरदेशीय पत्र काल मिळालं असं म्हणणं धाडसाचं होईल. त्याचा बराचसा भाग मिळाला. पत्र चिकटवायला तू भाताची शितं वापरलीस. हेदवीहून चिपळूणला वळसा घालून रत्नागिरीला येईतो टपालखात्याच्या मुंग्यांनी त्या शितांचा नैवेद्य ग्रहण केला आणि तोंडी लावायला तुझी अक्षरं घेतली. परिणामी 'मी ठरवलं आहे की' इथपर्यंत वाचता येतं आणि पुढची ओळ 'आणि आप्पा जेवले नाहीत' अशी निघते. मधे काय ठरवलंस ते मुंग्यांना ठाऊक. बावन्न वर्षांच्या अविवाहित आणि निरुपद्रवी संस्कृतशिक्षकाला सख्ख्या भाचीने असं छळावं, याला कुठल्या स्मृतीत कोणतं प्रायश्चित्त सांगितलं आहे ते मी शोधतो आहे.

तुझ्या आईचं, आमच्या कमळीचं, पत्र पाठोपाठ आलं म्हणून उलगडा झाला. बी.कॉम. झालीस, आता व्यवस्थापन शिकवणाऱ्या त्या मोठ्या संस्थेची प्रवेश परीक्षा द्यायची. परीक्षा डिसेंबरात, मुंबईला. मुंबईत तिचे क्लास असतात, आणि क्लासची फी ऐकून कमळी लिहिते की तेवढ्यात सुपारीच्या वाडीला नवा पंप बसेल. तुझ्या आप्पांचं म्हणणं, सुपाऱ्या विकायला परीक्षा लागत नाही.

व्यवस्थापन म्हणजे काय हे मला कळत नाही. आमचे मुख्याध्यापक करतात ते व्यवस्थापन असेल तर न शिकलेलंच बरं. पण एखादी गोष्ट मुलीला परवडत नाही, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की ती तिने करावीच, असा माझा जुना मतलबी सिद्धांत आहे. मतलबी अशासाठी, की मला त्यात मौज वाटते.

तेव्हा क्लास नाही तर नाही. इथले एक डॉक्टर आहेत. त्यांचा थोरला मुंबईत हाच क्लास करून आला. क्लासचे सायक्लोस्टाइल केलेले कागद त्यांच्या माळ्यावर पडले आहेत. धाकटी दहावीत आहे आणि तिला संस्कृतात पैकीच्या पैकी हवे आहेत. मी तिला रविवारी शिकवायचं आणि ते कागद मला थोडे थोडे उतरवून घ्यायला मिळायचे, असा तह झाला. देवांची भाषा देऊन साहेबाची भाषा घेतली. व्यापार म्हणतात तो हाच असावा. इंग्रजी पेपरही विकत घ्यायचं कारण नाही. वाचनालयात मुंबईचा पेपर दुसऱ्या दिवशी येतो, अग्रलेखातले कठीण शब्द मी पाठवीन. एक दिवसाने शब्द काही आंबत नाही.

पहिला गठ्ठा गुहागर गाडीच्या कंडक्टरकडे दिला आहे. पुढल्या पत्राला डिंक लाव.

तुझा
अण्णामामा


हेदवी,
२६ ऑगस्ट १९८४

ती. अण्णामामा यांस सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टमास्तरांच्या डिंकाने चिकटवलं आहे. आत एवढं काय लिहिलंय, असं त्यांनी दोनदा विचारलं.

मुंग्यांनी खाल्लं ते असं होतं: परीक्षा द्यायचीच, कोणी हो म्हणो वा न म्हणो. आप्पा दुसऱ्या दिवशी जेवले. जेवता जेवता आईकडे बघत मला म्हणाले, एकदाच. नंबर लागला तर पुढचं पुढे बघू, नाही लागला तर चिपळूणचं स्थळ. चिपळूणचे लोक उन्हाळ्यापर्यंत थांबायला तयार आहेत. मी हो म्हटलं. पहिल्या भागाला म्हटलं. दुसऱ्या भागाच्या वेळी मी ताक वाढत होते.

आता तुमचा गठ्ठा. अक्षर मोत्यासारखं आहे. पण अण्णामामा, या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. तुम्ही काही ठिकाणी तीन दिले आहेत, काही ठिकाणी दोन, आणि एका ठिकाणी एकच. तिथे मी काय निवडायचं? शिवाय समासात तुमची टीका. दोन आगगाड्यांच्या गणिताशेजारी तुम्ही लिहिलं आहे, 'या गाड्या एकमेकींवर आपटतील हे गणित घालणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.' मी त्याच गाड्यांचा विचार करत बसले आणि गणित राहिलं.

सकाळी वाडीला पाणी लावून झालं की दहापर्यंत गणितं करते. दुपारी तुमचे शब्द. आई मधूनमधून येऊन हातातल्या कागदाकडे बघते आणि जाते.

तुमची
उमा


रत्नागिरी,
१२ सप्टेंबर १९८४

चि. उमास आशीर्वाद.

पर्यायांबद्दल. जे उत्तर उघड चूक आहे ते उतरवून शाई का घालवा, असा माझा सरळ विचार होता. चुकीची उत्तरं रचायला कोणी पगार घेतो ही माहिती मला नवी आहे. जिथे एकच पर्याय उरला तिथे तर मला अभिमान वाटला होता की प्रश्न मुळापासून सुटला. असो. सगळे चुकीचे पर्याय सन्मानाने परत पाठवत आहे. टीका मात्र चालू राहील. मूळ ग्रंथ असला की टीका असते. ज्यावर टीका नाही तो हँडबिलाचा कागद.

एक उपदेश. परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडू नये. मी इतकी वर्षं पेपर तपासतो आहे. काहीतरी लिहिलेलं दिसलं की हात आपोआप अर्धा मार्क देतो. परीक्षकही आईबापांचंच लेकरू असतं.

चिपळूणबद्दल कमळी लिहिते की मुलगा बँकेत आहे, दात चांगले आहेत, निर्व्यसनी आहे आणि घरी दूधदुभतं आहे. वर्णन दोनदा वाचलं, तरी मुलाचं कुठे संपतं आणि गोठ्याचं कुठे सुरू होतं ते कळलं नाही. तू ताक वाढत राहा.

अण्णामामा


गिरगाव, मुंबई,
डिसेंबर १९८४

ती. अण्णामामा यांस सा. न.

परीक्षा झाली. आईच्या मावसबहिणीकडे उतरलो आहोत, उद्याच्या गाडीने परत.

मी बरेच प्रश्न कोरे सोडले. मुद्दाम. या परीक्षेत उत्तर चुकलं तर असलेले मार्कही कापतात. हे मला सप्टेंबरातच कळलं होतं. तुमच्या त्या दयाळू परीक्षकाच्या पत्रानंतर लगेच लिहायला नको वाटलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

आई पूर्ण वेळ बाहेर जिन्यात बसून होती, डबा मांडीवर घेऊन. बाकीच्यांचे वडील मोटारीत होते. मी बाहेर आल्यावर तिने विचारलं, सोपा होता का. म्हटलं, नाही. तर म्हणाली, मग बरं झालं, सोपा असता तर सगळ्यांनाच आला असता.

शेजारच्या बाकावरच्या मुलाने मला विचारलं, कुठला क्लास. मी म्हटलं, अण्णांचा. कुठे आहे म्हणाला, तर रत्नागिरीला.

"कधी ऐकला नाही."

"ऐकाल," मी म्हटलं.

तुमची
उमा


रत्नागिरी,
१८ फेब्रुवारी १९८५

चि. उमास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला पुढच्या फेरीचं बोलावणं आलं. मी शाळेत कोणाला काही सांगितलं नाही. नववीला गृहपाठ दिला नाही, त्यावरून त्यांनी ओळखलं.

मार्क कापतात हे मला न कळवल्याबद्दल मी तुझ्यावर रुष्ट आहे. रुष्ट असण्याला आता दोन महिने झाले आणि त्याचा कंटाळा आला, म्हणून इथे थांबवतो.

आता ही गटचर्चा. डॉक्टरांच्या मुलाकडून समजून घेतली. आठ-दहा उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवून विषय देतात, आणि परीक्षक कोपऱ्यातून बघतात की कोण कसं बोलतो. नंतर एकेकट्याची मुलाखत. मुलाचा सल्ला असा, की सर्वांच्या आधी बोलावं, सर्वांच्या वर बोलावं आणि दुसऱ्याला बोलू देऊ नये. हे आपल्याकडे देवळातल्या सभेत दर वर्षी पालखीच्या आधी होतं. त्यासाठी मुंबईला कशाला जायचं?

तू आपल्या पद्धतीने जा. आमच्या पाठशाळेत वाद शिकवत तो असा. आधी पूर्वपक्ष. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, आणि तो स्वतः मांडील त्याहून चांगलं मांडायचं. त्याचा एकही मुद्दा लपवायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता याला उत्तर नाही. मग शांतपणे 'परंतु' म्हणायचं आणि उत्तरपक्ष सुरू करायचा, म्हणजे आपलं म्हणणं, त्याचा एकेक मुद्दा खोडत. गुरुजींनी मला हे शिकवलं, त्यांच्या गुरुजींनी त्यांना. ज्याला दुसऱ्याची बाजू सांगता येत नाही त्याला स्वतःची बाजू आहे हे मी मानत नाही. बोल इंग्रजीत, पण बोल असं. त्या मुंबईच्या मुलांना कळू दे की वाद घालणं हे भांडण्याहून जुनं आहे.

सराव कर. हेदवीत आठ जण मिळणार नाहीत, हे मी जाणतो. पण ऐकायला कान लागतात, पदव्या नाहीत.

अण्णामामा


हेदवी,
१२ मार्च १९८५

ती. अण्णामामा यांस सा. न. वि. वि.

सराव चालू आहे. सध्या सुपारी सोलायला जनी आणि तिच्या दोघी जावा येतात. मी त्यांच्यात बसते. आधी मराठीत बोलते, मग तेच इंग्रजीत. इंग्रजीतही त्या तितक्याच मन लावून ऐकतात. आधी मला संकोच वाटला, तर जनी म्हणाली, "बोल गो बाय. हात चालतायत, कान मोकलेच हायत." मधे कोणी तोडत नाही. पूर्वपक्ष झाला की तिघी माना डोलावतात, उत्तरपक्ष झाला की पुन्हा डोलावतात. शेवटी मी विचारलं, कुठलं पटलं? जनी म्हणाली, दोन्ही.

विषय मी घरचेच घेते. मुलींना पुढे शिकवावं का, हा जास्त वेळा घेतला, कारण त्याचा पूर्वपक्ष शोधावा लागत नाही. आप्पा ओटीवर तो रोज मांडतात. मी फक्त नीट क्रम लावला, उदाहरणं घातली, आणि जिथे त्यांचा आवाज चढतो तिथे माझा उतरवला. खरं सांगू, आप्पांपेक्षा चांगला झाला आहे.

गेल्या आठवड्यात गंमत झाली. मी पूर्वपक्षात रंगले होते आणि आप्पा मागून वाडीत चालले होते. थांबले. बराच वेळ ऐकलं. मग जवळ येऊन म्हणाले, "आता कळायला लागलंय हो तुला." त्यांचे डोळे भरल्यासारखे वाटले मला. आणि मी 'परंतु' म्हणायच्या आत निघून गेले. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. किती दिवसांनी ते माझ्यावर खूश झाले होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई.

उमा


गिरगाव, मुंबई,
११ एप्रिल १९८५

ती. अण्णामामा यांस सा. न.

काल झालं. जसं झालं तसं लिहिते.

टेबलाशी आठ जण. सात मुलगे आणि मी. विषय आला: ज्या मुली लग्नानंतर नोकरी सोडतात त्यांच्यावर अशा संस्थांनी जागा खर्च कराव्यात का. मला हसू आलं. म्हटलं, हा तर माझ्या ओटीवरचा.

पहिली काही मिनिटं नुसता कल्ला. मग मी पूर्वपक्ष सुरू केला. आणि अण्णामामा, सगळे गप्प झाले. मी आप्पांचे सगळे मुद्दे मांडले. एका मुलीची जागा म्हणजे एका घर चालवणाऱ्या मुलाची जागा. शिकलेली मुलगी घरी बसली तर तिलाही दुःख, घरालाही. सरकारचा पैसा म्हणजे शेवटी गरिबाचा. एकही मुद्दा लपवला नाही. कोणी मधे तोडलं नाही. समोरचा टाय लावलेला मुलगा तर लिहून घेत होता. मला वाटलं, माझ्या बोलण्याने ते भारावले आहेत. ते का तोडतील? मी त्यांचंच बोलत होते.

मग मी श्वास घेतला, 'परंतु' म्हटलं, आणि टायवाला म्हणाला, "या मॅडम स्वतः मुलगी असून इतकं प्रामाणिकपणे सांगताहेत, यावर आता काय राहिलं?" सगळे हो म्हणाले. मी पुन्हा 'परंतु' म्हटलं. घंटा वाजली.

दोघांनी बाहेर येऊन माझे आभार मानले.

दुपारी मुलाखत. तिघे होते. मधल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, सकाळचं तुमचं म्हणणं धरलं तर आम्ही तुम्हाला का घ्यावं? मी म्हटलं, ते माझं म्हणणं नव्हतं, ते त्यांचं होतं. माझं अजून व्हायचं आहे. आमच्याकडे असंच करतात. आमच्याकडे म्हणजे कुठे, त्यांनी विचारलं. मी तुमच्या पाठशाळेचं सांगितलं. तिघेही हसले. मी हसले नाही. ते थांबेपर्यंत थांबले आणि म्हटलं, मला उत्तरपक्ष पुरा करायचा आहे.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं."

मी म्हटलं, "मुलगी नोकरी सोडत नाही, तिला सोडायला लावतात. ज्या घरांत लावतात त्या घरांतले सात मुलगे सकाळी माझ्या टेबलाशी होते. त्यांना जागा देताना तुम्ही विचारणार आहात का, की बायकोला नोकरी करू द्याल का? तो प्रश्न तुमच्या यादीत नसेल तर माझ्यासाठीचा हाही काढा."

मग त्यांनी नफ्याचं एक गणित घातलं, ते मी केलं. बाहेर आले. चुकलं की बरोबर आलं, मला माहीत नाही. पण म्हटल्याचा पश्चात्ताप नाही.

उमा


रत्नागिरी,
२३ एप्रिल १९८५

चि. उमास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी उठून पाणी प्यायलो. मग पुन्हा वाचलं.

आमच्या वादसभेत घंटा नसते. असलीच तर जेवणाची, आणि तीही पंडित लोक ऐकून न ऐकल्यासारखी करतात. दोन-दोन दिवस पूर्वपक्ष चाले, त्याला कोणाची हरकत नसे, कारण समोरच्यालाही दुसरं काम नसे. जगाने मधल्या काळात टेबलावर घड्याळ ठेवलं आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही. पद्धतीत दोष नाही हे मी अजून म्हणतो. दोष इतकाच, की ती सभ्य माणसांसाठी आहे.

उत्तरपक्ष दोन मिनिटांत झाला तो मात्र उत्तम. माझ्या गुरुजींना तो दोन दिवसांत जमला नसता. तिघे हसले, त्यांना हसू दे. तू हसली नाहीस हे मी तुझ्या आईला मुद्दाम कळवलं आहे.

तुझे आप्पा गेल्या शनिवारी कोर्टाच्या कामाला इकडे आले होते. माझ्याकडेच जेवले. आमटी त्यांना आवडली नाही. बाकी विशेष नाही.

निकालाची वाट बघू. मी दहावीचे पेपर तपासतो आहे आणि अर्धा अर्धा मार्क देत सुटलो आहे.

अण्णामामा


हेदवी,
१९ मे १९८५

ती. अण्णामामा यांस सा. न. वि. वि.

दोन बातम्या.

निकाल लागला. निवड नाही. प्रतीक्षायादीत नाव आहे, बरंच खाली. वरच्यांनी जागा सोडल्या तर. कोणी सोडत नसतं.

दुसरी. आप्पांनी मार्चमध्येच चिपळूणला होकाराचं पत्र टाकलं होतं. त्या दिवशी वाडीच्या वाटेवर त्यांनी माझा पूर्वपक्ष ऐकला ना, त्यावर. मुलगी स्वतःच्या तोंडाने म्हणाली, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. आईने मला काल सांगितलं, पाहुणे अंगणात शिरत असताना.

ते चौघे आले होते. आप्पांनी ओटी सारवून घेतली होती. पोहे, सरबत, सगळं. मी बसले. मुलगा चांगला आहे, अण्णामामा. दातही खरंच चांगले आहेत. त्याच्या वडिलांनी घसा खाकरून सुरुवात केली, की शिक्षण वगैरे आता पुष्कळ झालं. पुढे ते काय म्हणणार हे मला पाठ होतं. या वेळी मी त्यांची बाजू पुरी होऊ दिली नाही. म्हटलं, माझी आधी ऐका. मी डिसेंबरात पुन्हा परीक्षेला बसणार. लग्न झालं तरी बसणार, नंबर लागला तर जाणार. हे चालणार असेल तर पुढचं बोलू. नसेल तर पोहे गरम आहेत.

मुलाने पोहे खाल्ले. त्याचे वडील आप्पांना म्हणाले, मुलगी स्पष्ट आहे हो तुमची. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको.

पाहुणे गेल्यावर आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. म्हणाले, "मी लोकांना शब्द दिला तो तुझ्या बोलण्यावर दिला." मी म्हटलं, तुम्ही अर्धंच ऐकलंत. ते म्हणाले, "बापाने किती वेळ उभं राहून ऐकायचं?"

मग मी सांगून टाकलं. मस्जिद बंदरला एका मसाल्याच्या पेढीवर हिशेब लिहायची नोकरी बघितली आहे, आईच्या मावसबहिणीच्या ओळखीने. मुलींच्या वसतिगृहात खाट मिळते. दिवसा नोकरी, संध्याकाळी अभ्यास, डिसेंबरात परीक्षा. आप्पा म्हणाले, जा. पण यापुढे या घरी येताना विचारून यायचं.

आईने माळ्यावरून तिची लग्नातली ट्रंक काढली आणि आतून पुसली.

आप्पा तुमच्याकडून आले तेव्हापासूनच गप्प गप्प होते. तुमची आमटी इतकी काही वाईट नसते.

मी एक तारखेला निघते. विचारून यायला लागेल अशा घरी मी मार्क घेऊनच येईन, नाहीतर येणार नाही. तुमच्या कागदांचे गठ्ठे बरोबर नेते आहे, टीकेसकट.

उमा


रत्नागिरी,
८ जून १९८५

चि. उमास अनेक आशीर्वाद.

वसतिगृहाच्या पत्त्यावर हे पहिलंच पत्र. तो पत्ता इतका लांब आहे की लिहिता लिहिता मी मधे विश्रांती घेतली. कमळीने लिहिलं आहे की तू गाडीत चढताना मागे वळून पाहिलं नाहीस. चांगलं केलंस. वळून पाहणारी माणसं गाडी चुकवतात.

डॉक्टरांच्या धाकटीला संस्कृतात अपेक्षेइतके पडले, त्यामुळे माळ्यावरचे उरलेले सगळे कागद त्यांनी मला देऊन टाकले. उतरवणं संपलं. चारही पर्याय छापील आहेत. मुंबईला जाणाऱ्या एकाबरोबर पाठवतो.

प्रतीक्षायादीचं मनाला लावून घेऊ नकोस, हे मी लिहिणार होतो. तू लावून घेणार नाहीस म्हणून खोडलं. त्या संस्थेने तुला पुन्हा एकदा बोलवावं आणि त्याच तिघांनी बोलवावं, एवढीच माझी इच्छा आहे.

आता आमटीबद्दल. आमटी बरी होती. तुझे आप्पा कोर्टाच्या कामाला आले नव्हते. ते माझ्याकडेच आले होते. मी तुला पत्र लिहून चिपळूणला हो म्हणायला सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं, आणि मला जमतो तितका टोमणाही मारला. ते रागावले नाहीत. हात धुऊन आले, पाटावर पुन्हा बसले आणि म्हणाले, "अण्णा, तुला मूल नाही. दुसऱ्याच्या मुलीला धीट करायला काही खर्च पडत नाही. ती पडली तर लागेल तिला आणि उचलायला जावं लागेल मला. तू इथे बसून छान पत्र लिहिशील."

हे तुला मी तेव्हा कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू हट्टाने का होईना, पण माझी बाजू घेतली असतीस, आणि तू ती घेतलेली मला नको होती. त्यांना देण्यासारखं उत्तर मला सापडलं नाही. अजून सापडलेलं नाही. तरी मी तुला परत जा असं म्हणणार नाही. तुझं बरोबर आहे. आप्पांचंही सगळंच चूक नाही, आणि या दोन वाक्यांच्या मधे मी रोज शाळेत जातो आणि येतो.

तू परीक्षेत पडशील याची मला काळजी नाही. पडलीस तर पुन्हा बसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझी काळजी वेगळी आहे. तिथे एकटीने राहून तू कधी थकलीस, आजारी पडलीस, हे सगळं उगाच केलं असं वाटलं, तर घरी तू कळवणार नाहीस. आणि मलाही कळवणार नाहीस, माझ्या मनाला लागेल म्हणून. तुझी पत्रं अशीच धीट येत राहतील, मी ती वाचून हसत राहीन, आणि मला काही कळणार नाही. मला याची भीती वाटते, उमा.

तुझा
अण्णामामा